सनद, समोसे आणि ‘सेल’चा शेरा

शेअर बाजाराशी दुरूनही संबंध नसलेल्या घरांत हल्ली एखादा भाचा किंवा पुतणी ‘सीएफए करतेय’. त्यामुळे अधिकृत कथा तुम्हाला ठाऊक आहेच. बेंजामिन ग्रॅहम नावाचे द्रष्टे गृहस्थ, गुंतवणूक विश्लेषकांची जगभर पसरलेली संघटना, तीन पातळ्यांची अवघड परीक्षा, नीतिमत्तेची जाडजूड संहिता आणि शेवटी नावापुढे लागणारी तीन अक्षरं. माहितीपत्रकात हे सगळं छापलेलं असतं आणि ते खोटं मुळीच नाही. मी मुंबईत रिसर्चमध्ये होतो तेव्हा या संघटनेच्या कार्यक्रमांना खुर्च्या मोजण्यापासून वक्त्याला विमानतळावरून आणण्यापर्यंत पडेल ते काम केलं. तेव्हा चहाच्या टेबलाशी उभं राहून जे कानावर आलं ते मात्र माहितीपत्रकात मावणारं नव्हतं. दुसऱ्याच्या कंपनीची किंमत पैशापर्यंत अचूक सांगणाऱ्या या जमातीला स्वतःची किंमत कुणी ठरवायची, यावर कधीच एकमत झालेलं नाही. बहुतेक किस्से तिथूनच निघतात.

पहिलं भांडण खुद्द ग्रॅहम यांनीच लावलं. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये विश्लेषकांची सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. (आमची सोसायटी १९२५ची, हे शिकागोकर संधी मिळताच सांगतात. या धंद्यात ज्येष्ठतेचा मुद्दा कुणी सोडत नाही.) डॉक्टरांना, हिशेबनिसांना परीक्षा असते, मग लोकांची आयुष्यभराची पुंजी कुठे घालायची हे सांगणाऱ्याला का नको, असा त्यांचा सवाल होता. ‘क्वालिफाइड सिक्युरिटी अॅनालिस्ट’ हे पदवीचं नावही त्यांच्याकडे तयार होतं. पण बाजारात मुरलेल्या माणसानं पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणजे काय? आणि नापास झाला तर ग्राहकाला कोणत्या तोंडानं भेटायचं? १९४५च्या जानेवारीत ‘अॅनालिस्ट्स जर्नल’चा पहिला अंक निघाला. त्यात अनुकूल बाजू ग्रॅहम यांची आणि प्रतिकूल बाजू ल्यूसियन हूपर यांची, अशी दोन्ही छापली गेली. एकाच शेअरवर एकाच दिवशी एकानं ‘बाय’ म्हटलं, दुसऱ्यानं ‘सेल’. सभासदांनी अशा वेळी जे करायचं तेच केलं, ‘होल्ड’. हा होल्ड १८ वर्षं टिकला.

याच जर्नलमध्ये त्या काळात ‘कॉजिटेटर’ या नावानं एक सदर येत असे. शेअर बाजारातल्या शहाण्यांच्या सवयींवर त्यात मिस्कील पण नेमके फटके असत. हा कॉजिटेटर म्हणजे ग्रॅहमच. स्वतःच्या नावानं सनदेचा आग्रह धरायचा आणि टोपणनावानं जातभाईंचे कान उपटायचे, अशी ही दुहेरी नोकरी होती. पुढे सनद आली, तिच्याबरोबर सनदेची अक्षरं कुठे आणि कशी वापरायची याचे नियम आले. त्यांतला एक असा, की टोपणनावापुढे ही अक्षरं लावता येत नाहीत. म्हणजे ज्यांच्या हट्टामुळे ही अक्षरं जन्मली, त्या कॉजिटेटरना ती आपल्या सदरावर मिरवता आली नसती.

नियमांचं निघालंच आहे तर हेही ऐका. ही अक्षरं नावापेक्षा ठळक किंवा मोठ्या टायपात छापायची नसतात. ‘तो सीएफए आहे’ असं म्हणणंही संघटनेला रुचत नाही, तो ‘सीएफए सनदधारक’ असतो. पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीपर्यंत पोचलेल्यानं अर्धवट पदवी लावणं तर साफ निषिद्ध. पातळी पास झालो एवढंच सांगायचं, तेही साध्या वाक्यात. हा नियम हाँगकाँग, टोरँटो, लंडन इथे पाळला जातो. तो जिथे सपशेल हरला ती जागा म्हणजे मराठी लग्नाचं स्थळपत्र. ‘उंची ५ फूट ८ इंच, देवगण, सीएफए (लेव्हल २), पुण्यात स्वतःचा टूबीएचके’ असं छापलेलं एक स्थळपत्र आमच्या शिस्तपालन समितीतल्या एका गृहस्थांच्या हाती आलं होतं. तक्रार नोंदवायची तर मुलगा कायमचा अडचणीत येणार होता. त्यांनी ती नोंदवली नाही, कारण मुलगी त्यांचीच होती आणि पत्रिका जुळत होती.

तर ती १८ वर्षं. मधल्या काळात १९४७ साली न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो आणि फिलाडेल्फियाच्या सोसायट्यांनी मिळून महासंघ केला, समित्यांवर समित्या बसल्या आणि अखेर १५ जून १९६३ रोजी पहिली परीक्षा झाली. २८४ जण बसले, २६८ जणांना सनद मिळाली. निकाल ९४ टक्के! आजचा उमेदवार हा आकडा ऐकून डोळे पुसतो, कारण २०२१च्या जुलैत पहिल्या पातळीचा निकाल २२ टक्के लागला होता. माहितीपत्रक इथे विषय बदलतं. या पहिल्या तुकडीतली बरीचशी मंडळी धंद्यात पिकलेली होती आणि त्यांनी एकच पेपर देऊन सनद पदरात पाडून घेतली. तीन पातळ्यांचा चढ पुढच्यांसाठी. स्वतः लिफ्टनं गच्चीवर जायचं आणि मग लिफ्ट बंद करून जिन्याचं माहात्म्य सांगायचं, ही रीत सगळ्याच संस्थांची, पण इथे ती टक्केवारीसकट नोंदलेली आहे.

त्या तुकडीत अर्व्हिंग काह्न होते. ग्रॅहम यांचे कोलंबिया विद्यापीठातले साहाय्यक, न्यूयॉर्क सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. पेपर लिहिला तेव्हा वय ५७. त्यांची खरी परीक्षा मात्र त्याआधी ३४ वर्षं झाली होती. १९२९च्या उन्हाळ्यात, सारं वॉल स्ट्रीट खरेदीच्या धुंदीत असताना, विशीतल्या काह्न यांनी मॅग्मा कॉपर या तांब्याच्या कंपनीचा शेअर हाती नसताना विकून ठेवला. ऑक्टोबरात बाजार कोसळला तेव्हा त्यांचे पैसे जवळजवळ दुप्पट झाले होते. मंदीवर पैज लावून सुरुवात करणारा हा माणूस पुढे शंभरी ओलांडल्यावरही कचेरीत जात राहिला आणि २०१५ साली, वयाच्या १०९व्या वर्षी गेला. ‘दीर्घ मुदतीची गुंतवणूक’ या विषयावर बोलायला याहून लायक वक्ता संघटनेला मिळाला नाही. बाकीचे वक्ते तिमाही निकालांच्या तारखा बघून यायचे.

जुन्या न्यूयॉर्कमध्ये संघटनेचं खरं बळ परीक्षेत नव्हतं, दुपारच्या जेवणात होतं. कंपन्यांचे अध्यक्ष जेवायला यायचे, भाषण करायचे आणि विश्लेषक प्रश्न विचारायचे. गोड पदार्थ येईपर्यंत खोलीतल्या माणसांना जे कळलेलं असे ते खोलीबाहेरच्यांना संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी कळे. सभासदत्वाची वर्गणी हा त्या काळातला सर्वांत स्वस्त शेअर असावा. टेबलावर जागा कुणाला, हे मात्र कडक. वॉल स्ट्रीटवरच्या तरुण पुरुषांच्या एका गुंतवणूक मंडळानं बायकांना दार बंद ठेवलं, तेव्हा १९५६ साली आठ तरुणींनी आपलं स्वतंत्र मंडळ काढलं. ते ‘फायनॅन्शियल विमेन्स असोसिएशन’ या नावानं वाढलं. आणि विश्लेषकांच्या जागतिक संघटनेच्या मुख्याधिकारीपदी पहिली महिला, मार्गारेट फ्रँकलिन, २०१९ साली आल्या. जेवणाच्या टेबलावरून टेबलाच्या डोक्याशी यायला एवढा वेळ लागला, पण तोवर जेवणातली मजा संपलेली होती. अमेरिकी नियामकानं २००० साली नियम केला, की कंपनीनं जे मोजक्यांना सांगायचं ते सगळ्यांना सांगायचं.

‘कळलेलं कुणाला सांगायचं’ या प्रश्नावर रेमंड डर्क्स यांच्याइतकी किंमत कुणी मोजली नसेल. हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक नव्या सभासदाला कुणीतरी सांगतंच, बहुधा दुसऱ्या चहाला. १९७३च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या या विमा-विश्लेषकाला एक फोन आला. लॉस एंजेलिसच्या ‘इक्विटी फंडिंग’ या बाजाराच्या लाडक्या कंपनीतून नुकताच बाहेर पडलेला रोनाल्ड सेक्रिस्ट सांगत होता, की कंपनीच्या आयुर्विमा पॉलिसी मोठ्या प्रमाणात बनावट आहेत. बनावट म्हणजे माणसंच नाहीत. पुढे मोजदाद झाली तेव्हा असे सुमारे ६४ हजार अस्तित्वात नसलेले विमेदार निघाले. हिशेब तपासनिसांनी एखादी फाइल मागितली, की रात्री कर्मचारी एकत्र बसून ती पैदा करत: अर्ज, डॉक्टरचा दाखला, सह्या, सगळं. त्या बैठकांना कंपनीत चक्क पार्टी म्हणत.

डर्क्स विमानात बसले, लॉस एंजेलिसला गेले, लोकांना भेटले, खात्री करून घेतली. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या तिथल्या प्रमुखाला म्हणाले, छापा. इतकी मोठी भानगड इतके दिवस लपली असेल यावर त्याचा विश्वास बसेना, वर बदनामीच्या खटल्याची भीती. डर्क्स यांनी आपल्या ग्राहकांना मात्र सांगितलं, आणि त्यांनी १ कोटी ६० लाख डॉलरांहून अधिक किमतीचे शेअर विकून टाकले. दोन आठवड्यांत भाव २६ डॉलरवरून १५च्या खाली आला, व्यवहार थांबवले गेले, भांडं फुटलं. मग नियामकानं चौकशी केली आणि ठपका ठेवला, तो डर्क्स यांच्यावर! आतली माहिती निवडक लोकांना दिली म्हणून. ते लढत राहिले आणि १९८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना मोकळं केलं. कंपनीचा प्रमुख स्टॅनली गोल्डब्लम याला शिक्षा झाली होती आठ वर्षांची, आणि त्यातली चार भोगून तो सुटला. भानगड उघडकीला आणणाऱ्याचं प्रकरण दहा वर्षं चाललं. हे ऐकल्यावर नवा सभासद तिसरा चहा घेत नाही, घरी जाऊन आपले ईमेल तपासतो.

संघटना नियम करते आणि धंदा पुढच्या दारानं निघून जातो, याचं झगझगीत उदाहरण म्हणजे जॅक ग्रबमन. १९९०च्या दशकाच्या शेवटी दूरसंचार शेअरांचे हे अनभिषिक्त सम्राट होते. १९९९च्या नोव्हेंबरात त्यांनी एटी अँड टीवरचं आपलं रेटिंग अचानक वर नेलं. नंतर उघड झालेल्या पत्रव्यवहारात रेटिंगच्या जोडीला त्यांच्या जुळ्या मुलांचा मॅनहॅटनमधल्या एका नामांकित बालवाडीचा प्रवेश निघाला. ते जिथे नोकरीला होते त्या सिटीग्रुपनं त्या संस्थेला दहा लाख डॉलरची देणगी कबूल केली होती. दादर-पार्ल्यातल्या पालकांना यात काही विशेष वाटणार नाही, पण अमेरिकेत हलकल्लोळ झाला. विश्लेषकांच्या संघटनेनं संशोधनाच्या निःपक्षपातीपणाची मानकं लिहायला घेतली, आणि २००३च्या एप्रिलमध्ये दहा बड्या संस्थांनी मिळून सुमारे १४० कोटी डॉलरची तडजोड केली. ग्रबमन यांना दीड कोटी डॉलर दंड आणि धंद्यातून कायमची हकालपट्टी. ते आपण एमआयटीचे पदवीधर असल्याचं सांगत आणि प्रत्यक्षात शिकले होते बॉस्टन विद्यापीठात. इतकी वर्षं शेकडो विश्लेषक त्यांचे अहवाल शब्दन् शब्द तपासत होते, पण बायोडेटा कुणी तपासला नव्हता.

एक काम मात्र संघटनेनं चोख केलं आणि त्याचं कौतुक होत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे. पूर्वी पैसे सांभाळणारा व्यवस्थापक नव्या ग्राहकाला आपलं ‘प्रातिनिधिक खातं’ दाखवायचा. ते कशाचं प्रतिनिधी असे हे सांगायला नको. बुडालेली खाती बंद करून आकडेवारीतून गायब करायची, ही दुसरी कला. १९८०च्या दशकात समिती बसली, परतावा कसा मांडायचा याची मानकं आली, १९९९ साली ती जागतिक झाली. सगळी खाती दाखवा, मेलेलीही दाखवा. फक्त ही मानकं ऐच्छिक आहेत. पाळायची का नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

आता मुंबईत या. आमच्याकडे निवडणुकीचा मोसम दोनदा येतो, एक देशाचा आणि एक मतचाचणीचा. अमेरिकेत ‘इन्स्टिट्यूशनल इन्व्हेस्टर’ मासिक १९७२पासून विश्लेषकांच्या क्रमवाऱ्या लावतं. आपल्याकडे ‘एशियामनी’च्या मतदानाची तारीख जवळ आली, की एरवी फोन न उचलणारे विश्लेषक फंड मॅनेजरच्या मुलाच्या मुंजीला हजर होतात. बोनस त्या क्रमांकावर अवलंबून असतो. एका ब्रोकिंग हाउसात एकाच क्षेत्रावर दोन ज्येष्ठ होते आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. दोघांनी एकाच बड्या फंडाकडे स्वतंत्रपणे रदबदली केली. फंड मॅनेजर भला माणूस, दोघांनाही ‘तुम्हालाच’ म्हणाला. निकाल लागला तेव्हा पहिला नंबर तिसऱ्याच ब्रोकरच्या पोरीचा, जिनं फोनच केला नव्हता. तिनं नुसतेच दोन ‘सेल’ रिपोर्ट लिहिले होते आणि दोन्ही बरोबर निघाले होते. हा धक्का पचवायला दोघं ज्येष्ठ त्या संध्याकाळी एकमेकांशी बोलले.

‘सेल’ हा शब्द उच्चारण्याची खरी अडचण परिषदांत कळते. एका परिषदेत एका कंपनीच्या प्रवर्तकांशी जाहीर गप्पा ठेवल्या होत्या आणि प्रश्न विचारायला आमचाच एक तरुण सभासद. सकाळी नोंदणीच्या टेबलावर कुणीतरी कुजबुजलं, की याच्या ब्रोकरनं आज साडेआठला त्या कंपनीवर ‘सेल’ काढलाय आणि खाली नाव याचंच आहे. प्रवर्तकांची गाडी तोवर सी-लिंकवर आली होती. मुलाखतकार बदलावा तर बोभाटा, न बदलावा तर मंचावर रणकंदन. शेवटी त्याला सांगितलं, कंपनीबद्दल विचारूच नको, अर्थव्यवस्थेबद्दल विचार. त्यानं पाऊण तास पावसापासून डॉलरपर्यंत सगळं विचारलं. खाली उतरल्यावर प्रवर्तकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आमचे श्वास अडकले. ते म्हणाले, “हुशार आहेस. तुमच्याकडे आमचं कव्हरेज नाही वाटतं? सुरू करा की.”

परिषदांना गर्दी होण्याची कारणंही शुद्ध ज्ञानलालसेची नसतात. सभासदांनी सतत शिकत राहावं म्हणून अशा कार्यक्रमांचे शिक्षण-गुण मिळतात. त्यामुळे नोंदणीच्या टेबलावर सही करून थेट समोशांकडे वळणारा एक स्थिर वर्ग असतो. एकदा संयम हाच गुंतवणुकीचा आत्मा, या विषयावर बोलायला बोलावलेले वक्ते विमान चुकेल म्हणून वीस मिनिटांत भाषण आटोपून निघाले. पाठीमागच्या रांगांनी त्यांना सर्वाधिक टाळ्या दिल्या.

परीक्षेचे दिवस वेगळे. संगणकावर जाण्याआधी ती कागद-पेन्सिलीवर व्हायची, उपनगरातल्या प्रदर्शनाच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये, जूनच्या पहिल्या पावसात. कॅल्क्युलेटर फक्त दोनच मेकचे चालत. ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागे, त्यामुळे कधी कसाऱ्याच्या पुढे न गेलेल्या पोरांनी केवळ पेपरसाठी पासपोर्ट काढले. त्यांचा पहिला परदेश प्रवास गोरेगाव किंवा पवईला संपायचा. ‘पेन्सिल खाली’ म्हटल्यावर एक गोळा जरी काळा केला तरी ते आचारसंहितेचं उल्लंघन. काठावरच्या उमेदवाराचा निकाल ठरवताना नीतिशास्त्राचे गुण बघतात, ही पद्धत १९९६पासूनची. एक उमेदवार सूचना झाल्यावरही लिहीत राहिला आणि पर्यवेक्षकानं त्याचं नाव टिपलं. तो बिचारा लिहीत होता ते नीतिशास्त्राचंच उत्तर.

(या सगळ्याचं मुख्यालय व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल या गावात, जुन्या मार्था जेफरसन रुग्णालयाच्या इमारतीत आहे. निकालानंतर उमेदवारांची होणारी अवस्था पाहता जागा चुकलेली नाही.)

भारतातलं सर्वांत मोठं भांडण या तीन अक्षरांवरूनच झालं. हैदराबादेत १९८४ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड फायनॅन्शियल अॅनालिस्ट्स ऑफ इंडिया’ निघाली आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या नावापुढेही तीच अक्षरं लागली. दोन संस्था, दोन अभ्यासक्रम, पदवी एकाच स्पेलिंगची. दलाल स्ट्रीटवरच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ‘अमेरिकेची की हैदराबादची?’ असा असायचा. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००६च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हैदराबादच्या संस्थेला ती अक्षरं वापरण्यास तात्पुरती मनाई केली. निकालाच्या बातमीनं अमेरिकी सनदवाल्यांनी पेढे वाटले, हैदराबादवाल्यांनी व्हिजिटिंग कार्डं फाडली. एका बँकेच्या ट्रेझरीत मात्र पंचाईत झाली. पेढे वाटणाऱ्याचा साहेब हैदराबादचा होता.

मग बाजार-नियामक सेबी मैदानात आली. त्याआधी आपल्याकडे विश्लेषक व्हायला टीव्हीवर बोलता येणं आणि निळा कोट एवढं भांडवल पुरत असे. २०१४च्या सप्टेंबरात रिसर्च अॅनालिस्टांचे नियम आले, डिसेंबरपासून लागू झाले. नोंदणी करा, हितसंबंध जाहीर करा, आणि ज्या शेअरबद्दल लिहिता त्यात प्रसिद्धीच्या आधी ३० दिवस व नंतर ५ दिवस व्यवहार करू नका. यातली गंमत वाचल्यावर कळते. एखादी कंपनी महिन्याभरानं आवडणार आहे, हे आजच ठाऊक असायला हवं. आमच्या एका मित्रानं म्हणून स्वतःचे सगळे शेअर विकून मुदत ठेवी केल्या. पुढच्या पाच वर्षांत त्याच्या शिफारशींनी ग्राहक श्रीमंत झाले आणि तो ठेवींच्या व्याजावर कर भरत राहिला.

नियमांबरोबर परीक्षाही आली, सेबीच्याच एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेकाठी या संस्थेचा देखणा परिसर आहे. खुद्द पंतप्रधानांनी २०१६च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन केलं. विश्लेषकांसाठीची परीक्षा शंभर गुणांची, पास व्हायला ६० लागतात, चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात. तीन पातळ्या चढून आलेल्या सनदधारकांना वाटलं, आपल्याला सूट मिळेल. मिळाली नाही. त्यातले एक अत्यंत ज्येष्ठ, ज्यांच्या हाताखाली अर्धा बाजार तयार झाला, ते संगणकाच्या खोलीत बावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसले. शेजारच्या मुलानं आदरानं विचारलं, “काका, तुम्ही मुलाला सोडायला आलात का?” काका ५७ गुणांवर अडकले. भाव-उत्पन्न गुणोत्तराच्या प्रश्नात त्यांनी धंद्यात जे खरं असतं ते उत्तर दिलं होतं, पुस्तकातलं नव्हे. ग्रॅहमसाहेबांना १९४५ साली विरोधकांनी घातलेली भीती अखेर पाताळगंगेच्या पाण्यानं खरी केली. पुढच्या महिन्यात काका ८१ गुणांनी पास झाले आणि त्यांनी सर्वांत आधी जे केलं ते म्हणजे ऑफिसातल्या कनिष्ठांना त्याच परीक्षेचे क्लास घ्यायला सुरुवात.

आता ताजा अध्याय. या नोंदणीकृत विश्लेषकांवर रोजची देखरेख कुणी करायची? विश्लेषकांची संघटना आहे, तिची संहिता आहे, शिस्तपालन समिती आहे (स्थळपत्राचा किस्सा वगळा). पण सेबीनं काम दिलं मुंबई शेअर बाजाराला. २५ जुलै २०२४पासून प्रशासन आणि देखरेख बीएसईकडे आहे. वरवर बघता यात काहीच वावगं नाही, बाजार जुना, यंत्रणा तयार. पण बीएसई ही स्वतः एक कंपनी आहे आणि २०१७च्या फेब्रुवारीपासून तिचा शेअर राष्ट्रीय शेअर बाजारात खरेदी-विक्रीला आहे. बरेच विश्लेषक तिच्यावर अहवाल लिहितात, टार्गेट देतात. म्हणजे ज्याच्या वहीत तुमची हजेरी, त्याच्याच प्रगतिपुस्तकावर तुमचा शेरा.

परवा एका तरुण विश्लेषकाचा बीएसईवरचा अहवाल तयार होता. शेवटच्या पानावर बारीक टायपात हितसंबंधांची यादी असते: शेअर आहेत का, कंपनीकडून मोबदला घेतला का, नातेवाइकांपैकी कुणी संचालक आहे का. ‘ज्या कंपनीबद्दल लिहिलं तीच आमच्या नोंदणीवर देखरेख ठेवते’ ही ओळ त्या यादीत कुठे बसवायची, हे त्याला समजेना. तो कम्प्लायन्सच्या बाईंकडे गेला. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि विचारलं, “ते बघू नंतर. आधी सांग, ‘बाय’ दिलंयस ना?”